हिरड्याच्या राशीवर काढलेली रात्र

वाचकहो, बर्फाच्या वादळात सापडून शिकारी किंवा गिर्यारोहक गारठून गेले अशा बातम्या हिमालयाकडून, परदेशातून येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. आपल्याकडे बर्फ कुठला? आपल्याकडे माणूस जायचा तो उन्हाने, पुराने, विजेने, नाहीतर पान लागून. गारठून मरणे हे आपल्या मुलखातले मरण नव्हे, असे मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. तेही जून महिन्यात तर नाहीच नाही. ३ जून २०२० च्या रात्री हा समज गेला. त्या रात्री माझे चुलते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हावरेपणापायी, जवळजवळ गेले होते. ही हकीकत मी आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जण डोंगरात गुरे राखतात, रानमेवा आणायला जातात, आडरानात वस्तीला राहतात, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूला. घोड नदी इकडेच उगम पावते आणि पुढे डिंभ्याच्या धरणात जाते. तुम्ही मंचरकडचे बागाईतदार ज्या पाण्यावर ऊस-कांदा करता, ते पाणी आमच्या डोंगरावर पडलेले असते. वाडीच्या मागचा डोंगर चढून गेले की मोठे पठार लागते. त्याच्या पलीकडे जुन्नर तालुक्यातले हातवीज आणि दुर्गवाडी. पश्चिमेला कडा एकदम तुटतो आणि खाली मुरबाडकडचे कोकण दिसते. आभाळ मोकळे असले तर कड्यावरून गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके हात लांब केला तर लागतील असे वाटतात.

या डोंगरात भात आणि नाचणी पिकते ती खाण्यापुरती. रोख पैसा येतो तो हिरड्याचा. त्रिफळा चूर्णातला हिरडा तो हाच. पिकलेला मोठा हिरडा कातडी कमावायलाही जातो, पण त्याला भाव बेताचा. खरा भाव बाळहिरड्याला. उन्हाळ्यात फळ कोवळे असतानाच झाडावर चढून ते काढायचे, कातळावर पसरून वाळवायचे. वाळले की ते काळेकुळकुळीत आणि दगडासारखे टणक होते. मात्र वाळताना किंवा वाळल्यावर त्याला पाणी लागता कामा नये. भिजलेल्या हिरड्याला बुरशी येते आणि व्यापारी हात लावत नाही. म्हणजे वर्षाची मीठमिरची, पोरांची वह्या-पुस्तके, खताच्या गोणी, सगळे त्या कातळावर उघड्यावर पसरलेले असते म्हणा ना.

त्या वर्षी लॉकडाऊन होता. माझा भाचा पिंपरीला कारखान्यात कामाला, तो कारखाना बंद पडल्याने आमच्याकडे येऊन राहिला होता. हाताशी जवान माणूस मिळाला म्हणून आम्ही पठारावरच्या लांबच्या झाडांचाही हिरडा काढला आणि तिथेच कातळावर वाळत घातला. घरापासून दोन-अडीच तासांची चढण. रोज ओझे खाली आणण्यापेक्षा शेवटी एकदमच आणू, असा माझा हिशेब.

२ जूनला बातमी आली की अरबी समुद्रात 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ उठले आहे आणि ते उद्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार. कोणी घराबाहेर पडू नये. गावात दवंडीसारखे सगळीकडे झाले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र सात पोती हिरडा.

"अहो, उद्या नका जाऊ. सारं गाव घरात बसणार हाये," मंडळी म्हणाल्या.

"वादळ समुद्रावर. इथं यायला संध्याकाळ होईल. दुपारच्या आत माघारी येतो," मी म्हणालो.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पहाटे उठून नाचणीच्या भाकरी, ठेचा, कांदा आणि गुळाचा एक मोठा खडा फडक्यात बांधून दिला. घोंगडीही दिली. मी ती नको म्हणत होतो, जूनमध्ये घोंगडी कशाला उगाच ओझे. ती तात्यांनी आपल्या खांद्यावर टाकली.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. तेव्हा वय बहात्तर-त्र्याहत्तर. तरुणपणी ते ठासणीच्या बंदुकीवाल्यांबरोबर हाकाऱ्याला जात. ससा, भेकर, रानडुक्कर. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले, शिकार बंद झाली. झाली ते बरेच झाले. आज आमच्या रानात शेकरू या झाडावरून त्या झाडावर निवांत उड्या मारताना दिसते. पण शिकारीच्या पायी रान जे अंगात मुरले, ते तात्यांच्या अंगातून गेले नव्हते.

पठारावर पोचलो तेव्हा आभाळ भरलेले होते आणि भुरभुर चालू होती. हिरडा प्लॅस्टिकच्या कागदाखाली होता, कोरडा होता. भराभर पोती भरायला लागलो. तात्या मात्र मधूनच थांबून तोंड वर करून उभे राहत.

"काय झालं तात्या?"

"वारा उगवतीचा हाये रं. मिरगाच्या तोंडावर उगवतीचा वारा? म्या न्हाई कधी पाह्यला."

त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे पावसाळ्याचा वारा कोकणातून, कडा चढून, मावळतीकडून येतो. त्यावरच आमची घरे बांधलेली, त्यावरच गुरांचे गोठे. पुढे मला कळले ते असे, की चक्रीवादळातला वारा मध्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. वादळ समोरून येत असते तेव्हा एका बाजूचा वारा लागतो आणि ते पुढे निघून गेले की तोच वारा फिरून दुसऱ्या बाजूने लागतो. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. तात्यांना कारण ठाऊक नव्हते, पण काहीतरी उलटे चालले आहे हे त्यांना उमगले होते. ते म्हणाले, "आसंल ते घे आन् खाली चल." पाच पोती भरून झाली होती. मी म्हणालो, "दोनच राहिलीत, अर्ध्या तासाचं काम आहे."

तो अर्धा तास दीड तास झाला. एकच्या सुमारास पाऊस आडवा झाला. तीनच्या पुढे जे सुरू झाले त्याला मी पाऊस म्हणत नाही. उभे राहता येईना. कडेचे जुने जांभूळ मुळासकट उलटले. हिरड्यांच्या फांद्या कडाकड मोडून कागदाच्या कपट्यांसारख्या पठारावरून जात होत्या. वादळाने दुपारी किनारा गाठला होता, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्याने, आणि आता ते घाट चढून आमच्या अंगावर येत होते.

भाचा म्हणाला, "मामा, पळू या खाली." मलाही तेच वाटत होते. पण खाली जायची वाट आधी एका ओढ्यातून आणि मग उभ्या उताराखालून जाते. माळीण आमच्यापासून फार लांब नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्या गावावर डोंगर आला आणि १५१ माणसे गाडली गेली. तेव्हापासून आमच्याकडचा माणूस पावसात उताराखाली पाय ठेवताना वर बघतो. तात्यांनी हातानेच 'नाही' म्हणून सांगितले आणि आम्हाला ओढत पठाराच्या मधल्या कातळाकडे नेले. तिथे एक कपार आहे, तीन-चार माणसे बसतील एवढी. तिचे तोंड मावळतीला, म्हणून एरवी पावसाळ्यात तिच्यात गुरेसुद्धा बसत नाहीत. आज वारा उलटा, म्हणून ती कोरडी होती.

आता, वाचकहो, मला जे सांगायला जड जाते ते सांगतो. मी आणि भाच्याने सातही पोती एकेक करून कपारीत आणली. कपारीची आतली, कोरडी, ऊबदार जागा पोत्यांनी भरली. राहिलेल्या जागेत आम्ही तिघे तोंडाशी बसलो. सर्वांत बाहेर तात्या. त्यांनी स्वतःच ती जागा घेतली आणि मी घेऊ दिली.

भाच्याच्या अंगात सुती बनियन आणि जाड जीनची पँट, दोन्ही निथळत होते. त्याचे दात वाजायला लागले तशी तात्यांनी आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. तुम्ही घोंगडी वापरणारे असाल तर तुम्हाला माहीत आहे, लोकर भिजली तरी काही ऊब धरून राहते. सुताचे तसे नाही. भिजलेले सुती कापड अंगातली ऊब उलट ओढून घेते, विशेषतः वारा असला तर. घोंगडी गेल्यावर तात्यांच्या अंगावर राहिले ते धोतर आणि सुती पैरण.

संध्याकाळपर्यंत ते बोलत होते. त्यांच्या तरुणपणची एक गोष्ट त्यांनी सांगितली. आषाढात ते चौघे शिकारीला म्हणून कड्याकडे गेले आणि धुक्यात सापडले. पुढचे पाऊल कातळावर पडते की कड्याखाली, ते दिसेना. तिघे एका झाडाला धरून रात्रभर बसले. चौथ्याला घरची ओढ. तो म्हणाला, मला वाट माहीत आहे. गाठीला थोडी होती ती त्याने घेतली, अंगात रग आली, आणि निघाला. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खाली सापडला. "वाट त्याला खरंच म्हाईत हुती," तात्या म्हणाले. "पर थांबायचं म्हाईत नव्हतं." हे त्यांनी भाच्यासाठी सांगितले, कारण तो अजून निघू या, निघू या म्हणत होता.

अंधार पडला आणि थोड्या वेळाने वारा पडला. मला वाटले, संपले. तासाभराने तो पुन्हा उठला, आणि या वेळी मावळतीकडून. पाण्याचा लोट सरळ कपारीच्या तोंडात. दुपारी आम्हाला वाचवणारी जागा आता पावसाच्या तोंडाशी आली होती, आणि बाहेर काळोखात दुसरी जागा शोधणे शक्य नव्हते. कपारीत खालूनही पाणी वाहू लागले. काडेपेटी केव्हाच लगदा झाली होती. मोबाईलला रेंज नव्हती. त्याच्या बॅटरीचा उजेड तेवढा अधूनमधून करत होतो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भाचा म्हणाला, "मामा, आजोबा कुडकुडायचे थांबले."

मला वाटले, चांगले झाले, सवय झाली थंडीची. पाहा मी किती अडाणी. भाच्याने बॅटरी त्यांच्या तोंडावर धरली. ओठ काळेनिळे. "तात्या," म्हटले तर जिभेला जड, दारू प्यायल्यासारखा, अर्धा शब्द आला. आणि मग ते थरथरत्या बोटांनी पैरणीच्या गुंड्या काढायला लागले.

"काय करताय तात्या?"

"उकाडतंय रं."

वाचकहो, तो शब्द मी अजून विसरलेलो नाही. आम्ही दोघे थंडीने काकडतो आहोत आणि हा म्हातारा म्हणतो, उकडते आहे. मला कारण समजले नाही, पण हे मरणाचे लक्षण आहे हे पोटात कळले.

मग मी पहिले पोते ओढले. सुतळी सुटेना, कोयत्याने पोते फाडले आणि हिरडा कपारीच्या ओल्या जमिनीवर ओतला. दुसरे ओतले. तिसरे ओतले. वीतभर जाडीची रास झाली, पाणी तिच्या खालून वाहायला लागले आणि वर बसायला कोरडे झाले. उरलेली चार पोती ओढून तोंडाशी भिंतीसारखी रचली. तात्यांना आत घेतले, त्यांचे ओले कपडे काढले, रिकाम्या कोरड्या बारदानांत गुंडाळले. मग मी आणि भाचा उघड्या अंगाने त्यांना दोन्हीकडून चिकटून बसलो आणि तिघांवर मिळून घोंगडी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद. गूळ दाताने फोडून इवले इवले तुकडे त्यांच्या गालात ठेवत राहिलो. आधी ते चघळेनात. भाचा रडत होता आणि त्यांना हाका मारत होता. मी मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मध्यरात्रीनंतर कधीतरी तात्या पुन्हा कुडकुडायला लागले. एरवी कोणाला कुडकुडताना पाहून आनंद होतो का? मला त्या वेळी झाला. पहाटे त्यांनी तोंडातला गूळ चावला आणि म्हणाले, "खाली काय टोचतंय रं?"

"हिरडा आहे, तात्या."

त्यावर ते काही बोलले नाहीत.

उजाडल्यावर भाचा खाली गेला आणि चार माणसे घेऊन आला. तात्यांना झोळी करून उतरवले. वाट सापडत नव्हती इतकी झाडे पडलेली. घरी आलो तर निम्म्या छपराचे पत्रे उडालेले, विजेचे खांब आडवे. वीज यायला पुढे कित्येक दिवस लागले. मंडळी रात्रभर दोन म्हशी आणि सासूबाईंना घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. तात्यांना चुलीजवळ निजवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "हिरडा आणला का?" त्यांनी टोमणा मारला की खरेच विचारले, हे मी अजून विचारलेले नाही.

दोन दिवसांनी तात्यांना दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी सर्व ऐकून घेऊन समजावले ते तुमच्यासाठी लिहितो. माणसाच्या अंगाची ऊब ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती ३५ च्या खाली गेली की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. पंधरा-वीस अंशांचा गारवा, अंग ओले आणि वर वारा, एवढे पुरते. म्हातारी माणसे, लहान मुले आणि उपाशी माणूस आधी सापडतात. कुडकुडणे म्हणजे शरीर स्वतःला शेकत असते. माणूस गारच असताना ते थांबले तर शरीर हरत चालले असे समजावे. जीभ जड होणे, भलतेसलते बोलणे, उकडते म्हणून कपडे काढणे या पुढच्या पायऱ्या. दारू पाजली तर क्षणभर गरम वाटते, पण कातडीकडे रक्त धावून आतली ऊब बाहेर जाते. तात्यांच्या त्या चौथ्या सोबत्याचे मला तेव्हा आठवले. हातपाय जोरजोराने चोळू नयेत, असेही ते म्हणाले. ओले काढायचे, कोरडे गुंडाळायचे, जमिनीचा गारवा तोडायचा, छाती-पोटाला ऊब द्यायची, शुद्धीवर असेल तर गोड खायला घालायचे आणि लवकर दवाखाना गाठायचा. आम्ही घाबरून जे केले त्यातले बरेचसे बरोबर निघाले. पण ते तीन-चार तास आधी करायला हवे होते. कोरडी जागा माणसांना आणि बाहेरची हिरड्याला द्यायला हवी होती. हे डॉक्टर बोलले नाहीत, मीच मनात बोललो.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट याच संदर्भात सांगितली पाहिजे. १ डिसेंबर २०२१ ला आपल्याकडे दिवसभर अवकाळी पाऊस लागला आणि वर बोचरा वारा. मी तेव्हा मंचरच्या बाजूला बहिणीकडे होतो. त्या दिवसांत धनगर मंडळी वाडे घेऊन शेतात उतरलेली असतात. त्या एका पावसात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात शेकड्यांनी मेंढ्या गारठून मेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका शेतात पाहिले. वाघराच्या आत एकमेकींना चिकटून बसलेल्या तशाच. वाघर म्हणजे नुसती जाळी, तिने लांडगा अडतो, वारा अडत नाही. अंगावर लोकर असून हे. लोक म्हणत होते, रोग आला असेल. मी काही बोललो नाही, पण मला त्या बसण्यावरून कळले होते. मेंढपाळाची बाई चुलीपाशी एक कोकरू पदराखाली पोटाशी धरून बसली होती. तेवढे जगले.

आमचे हिरड्याचे म्हणाल तर पठारावरची अर्धी झाडे त्या वादळात गेली. हिरड्याचे झाड लावल्यावर फळ यायला वर्षे जातात, ते आंब्याच्या कलमासारखे नव्हे. घराच्या पत्र्यांचा पंचनामा झाला, पण हिरड्याच्या झाडांना कागदावर रकानाच सापडेना. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरी भागातल्या शेतकऱ्यांना या भरपाईसाठी पुढे कित्येक वर्षे मागणी लावून धरावी लागली. त्याविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल.

आठ दिवसांनी मी आणि तात्या पुन्हा कपारीकडे गेलो. त्यांना नको म्हटले तरी आले. रास तशीच होती, फुगलेली, पांढरी बुरशी धरलेली. भिंतीची चार पोतीही गेली होती. मला वाईट वाटू नये म्हणून तात्या म्हणाले, "रुजंल की हितं, झाडं येतील." बाळहिरडा कोवळा असतो, तो रुजत नाही, हे मलाही ठाऊक होते आणि त्यांनाही. मग ते खाली बसले आणि राशीच्या मधून, जिथे बुरशी पोचली नव्हती तिथून, दोन ओंजळी हिरडा निवडून धोतराच्या सोग्यात बांधला. घरी आणून चुलीवरच्या उतरंडीशी वाळवला आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरून ठेवला.

तो डबा अजून आहे. पावसाळ्यात मला खोकला झाला की तात्या उठतात, डब्यातून एक हिरडा काढून माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "घे. सात पोत्यांतला हाये, जपून चघळ."